साहेबांच्या काडतुसांची पूजा

हसा, मनसोक्त हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. कारण मी जो घोळ घातलाय ना, तसा आमच्या अख्ख्या खानदानात कुणी घातला नसेल!

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर. आमचे साहेब स्कॉटलंडचे, मिस्टर डग्लस. दर वर्षी गावी जाऊन हरणाची शिकार करायची, हे त्यांचं व्रत. आणि त्याला दुकानातली काडतुसं चालत नाहीत बरं का! कुठली गोळी, तिच्यामागे किती दारू, सगळं स्वतः मोजून भरायचं. इथल्या शूटिंग क्लबात रीतसर परवानगीने दोन-तीन प्रकार भरून बघायचे, आणि जो नेमका लागेल तोच गावी जाऊन पुन्हा भरायचा. आमच्याकडे चकलीच्या भाजणीवरही एवढा काथ्याकूट होत नाही!

साहेब म्हणाले, "संडेला फायनल टेस्ट, रात्री माझी फ्लाइट. यू आर माय क्वालिटी मॅन! टार्गेटवरची भोकं तू मोजायची."

मी हवेत! प्लांट मॅनेजरची जागा रिकामी होती, आणि साहेब परत आले की नाव जाहीर होणार होतं. आता माझ्याशिवाय कोण?

घरी आलो तर बायको, मेधा, माझ्याहून जास्त खूश. "अहो, संडेला खंडेनवमी! शस्त्रांच्या जागी हात हलवत जाणार? हे घ्या हळदकुंकू. साहेबांना शिकार मिळाली की आपलं प्रमोशन पक्कं, इन्शाल्ला!"

बारावीतली लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट. सो क्रिंज."

ऐकायला हवं होतं की नाही? पण आमच्या घरात शहाण्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

क्लबात पोचलो. साहेब कॉफी आणायला गेले. टेबलावर काडतुसं ओळीने ठेवलेली, पितळी बुडं वर करून. वाकून बघतो तर काय! काहींच्या बुडावर लाल ठिपका, काहींच्या पिवळा, काही कोरी.

अंगावर काटा आला हो! म्हटलं, साहेबांनी आधीच पूजा केलीय! स्टोअरमधल्या कुणीतरी सांगितलं असणार. पण बिचारे परके, अर्धवटच जमलं. काहींना नुसतं कुंकू, काहींना नुसती हळद, आणि काही तशीच पारोशी!

मग काय, बसलो. लाल ठिपक्याला हळद, पिवळ्याला कुंकू, कोऱ्यांना दोन्ही. ओल्या बोटाने, चांगलं दाबून. वर डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर समोर साहेब. कॉफीचा कप हवेतच!

"व्हॉट इज धिस? लाल म्हणजे जड गोळी, पिवळी म्हणजे हलकी, कोरी म्हणजे माझी जुनी! आता ओळखायची कशी?"

पायाखालची वाळू सरकली. पण मी क्वालिटीचा माणूस, उपाय तयार! "वन मिनिट सर, पुसतो!" म्हणत शेजारचं फडकं उचललं आणि दणादण पुसत सुटलो. हळद गेली. कुंकू गेलं. आणि फडकं होतं रायफल साफ करायच्या औषधात भिजवलेलं, त्यामुळे साहेबांचे मार्करचे ठिपकेही गेले! सगळी काडतुसं लख्ख, एकसारखी. एवढं चकचकीत काम मी फॅक्टरीतसुद्धा कधी केलं नव्हतं!

रेंज सांभाळणारे खानसाहेब धावत आले. "भाईजान, किसमें क्या भरा है, अब किसी को नहीं पता. ये कोई नहीं चलाएगा. खलास!" आणि सगळी काडतुसं उचलून घेऊनही गेले.

साहेबांची कित्येक महिन्यांची मेहनत गेली! ते फक्त एवढंच म्हणाले, "व्हाय?"

"फॉर... गुड लक, सर."



साहेब शिकारीला गेले ते तिकडच्याच दुकानातली काडतुसं घेऊन. इकडे मी रोज देवापुढे उभा. जन्मभर वरणभात खाल्लेला माणूस मी, पण हरणाच्या मरणासाठी नवस बोललो! किती लाज वाटली सांगू?

साहेब आले. मला केबिनमध्ये बोलावलं. आणि चेहऱ्यावर चक्क हसू! "वन शॉट! आजवरचं सगळ्यात मोठं हरीण! दुकानातल्या काडतुसाने!"

मी उडालोच! "सर, पूजेचं फळ!"

"मे बी," साहेब म्हणाले. "प्लांट मॅनेजर मात्र तुझ्या हाताखालचा बिजू होतोय. आणि तुला एक ट्रेनिंग कम्पल्सरी आहे. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो, सगळ्या नव्या पोरांच्या मधोमध. बिजूने पडद्यावर पहिलं पान लावलं. "मटेरियलवरच्या रंगीत खुणा: अंदाज करू नका, आधी विचारा." पोरं माना डोलावत लिहून घेत होती.

आणि खाली, बारीक अक्षरात, हे ट्रेनिंग तयार करणाऱ्या तज्ज्ञाचं नाव होतं. माझं!