मर्लच्या वाटणीचा सुतार

कथबर्ट सुतार त्या सकाळी निघाला होता मर्लकडे, तिचं छप्पर पक्कं करायला. खांद्यावर वासे भिंतीला जखडायच्या लोखंडी पट्ट्यांची पेटी, हातात शिडी. मर्लच्या घराची वाट आल्विराच्या दारावरून जाते, आणि आल्विराच्या चुलीवर तेव्हा शंखाच्या मांसाचं कालवण रटरटत होतं.

गावाची टँटी, म्हणजे मावशीच ती. तिने हाक मारली, "एवढ्या उन्हाचा निघालास, दोन घास खाऊन जा."

"नको टँटी, मिस मर्ल वाट बघत असेल," तो म्हणाला. पण शिडी कुंपणाला टेकवूनच म्हणाला.

जेवता जेवता तिने वर बोट दाखवलं. मागच्या पाख्याचे दोन पत्रे वाऱ्याने खडखडतात, आलाच आहेस तर बघून घे. कथबर्ट वर चढला तर पत्रे राहिले बाजूला, खालच्या वाशांनीच भिंत सोडली होती. दोन पत्र्यांचं काम बघता बघता अख्ख्या पाख्याचं झालं, मग दुसऱ्याही पाख्याचं. पेटीतल्या पट्ट्या मर्लच्या नवऱ्याने, सेप्टिमसने, ग्रेनाडाहून बोटीने मागवलेल्या. त्याच तुला वापरतो, तुझ्यासाठी नव्या मागवू, त्या आल्या की त्यांच्याकडे लावू, असं कथबर्ट म्हणाला आणि आल्विराने त्याला अडवलं नाही. रोज दुपारी मक्याच्या पिठाचं घोटलेलं गरम कुकू आणि तळलेला मासा त्याच्यापुढे येत राहिला.

मर्लचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. दोघी एका बाकावर शिकलेल्या. पण मर्लला नवरा होता, आणि आल्विराचा नवरा जाऊन वर्षं लोटली होती, मुलगी ब्रुकलिनला. आपलं छप्पर उडालं तर धावून येणारं कोण, असं ती स्वतःला समजावायची. शिवाय वादळं यायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात. आता कुठे मे चाललाय. मर्लचं काम जूनमध्ये झालं तर बिघडलं कुठे?

एकदा मर्लने कुंपणापलीकडून विचारलं, "कथबर्टने तुझ्याकडेच मुक्काम ठोकलाय का गं? माझ्याकडे कधी येणार म्हणतो?"

आल्विरा कपडे वाळत घालत होती. तोंडातून निघून गेलं, "तुझं लाकूड ओलं आहे म्हणतो. चांगलं वाळलं की येईल."

कथबर्ट असलं काही बोलला नव्हता. पण मर्लला ते पटलं. त्या दिवसापासून ती अंगणात रचलेले वासे उन्हात पसरू लागली. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. एकेक वासा उलटला की कंबरेवर हात ठेवून थांबायची, मग पुढचा. आल्विराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता कथबर्टने आल्विराचं काम उरकलं आणि तो शेजारच्या बेटावर एका बोटीच्या कामाला निघून गेला. नव्या पट्ट्या येईपर्यंत, महिन्याभरात परततो म्हणाला.

त्या वर्षी वादळ जुलै उजाडताच आलं. रेडिओ आधीपासून ओरडत होता. लोकांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, मेंढ्यांची दावी सोडली. सकाळीच वारा सुटला. आल्विरा न्हाणीघरात डोक्यावर गादी घेऊन बसली. वर वासे करकरत होते, पण पट्ट्यांनी त्यांना सोडलं नाही. मग शेजारून लोखंड फाटल्यासारखा आवाज आला. कुणाचं घर ते तिला बघावं लागलं नाही.

वारा पडल्यावर तिने दार उघडलं. टेकडीवर एक हिरवं पान उरलं नव्हतं. भिंती होत्या, वर नुसतं आकाश. तिचं घर तेवढं डोकं झाकून उभं. मर्लच्या घरात तुळई सेप्टिमसच्या मांडीवर कोसळली होती. चौघांनी त्याला निखळलेल्या दारावर निजवून आणलं, ते आल्विराकडेच. दुसरं छप्पर होतंच कुठे? त्याला बोटीने ग्रेनाडाच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण आखूड झाला. ज्याने जन्मभर बोटी बांधल्या, तो काठी घेऊन परत आला.

पुढचे कितीतरी दिवस आल्विराच्या घरात अर्धी गल्ली राहिली. आमच्या कॅरिआकू बेटाला नदी नाही. छपरावर पडेल तेच पाणी पन्हळीतून टाक्यात उतरतं आणि वर्षभर पुरवायचं असतं. छप्पर गेलेल्याचं पाणीही गेलं. सगळे तिच्याच टाक्यावर बादल्या भरायचे आणि म्हणायचे, देवाने आल्विराकडे बघितलं. ती मान खाली घालून पातेलं ढवळत राहायची.

मर्लला तिने स्वतःचा पलंग दिला. पहिली बादली मर्लची, माशाचा मोठा तुकडा मर्लला.

"काय गं," मर्ल एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "जन्मभर मला एक लिंबू देताना जीव जायचा तुझा, आता माशाचं डोकंही माझ्याच ताटात? मरायला-बिरायला टेकलीस की काय?"

सगळे हसले. आल्विरा रिकामं पातेलं उचलून आत गेली.

मग कथबर्ट परतला. सेप्टिमस व्हरांड्यात बसला होता. आल्विरा कोकोचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा तो सुताराची समजूत घालत होता. "तुझ्यावर राग नाही रे माझा. लाकूडच ओलं होतं, तू तरी काय करणार?"

"लाकूड कुठे ओलं होतं?" कथबर्ट म्हणाला. "ठणठणीत होतं की." मग त्याची नजर आल्विराकडे गेली आणि तो बोलायचा थांबला. ते थांबणंच नडलं. मर्ल दारात उभी होती. तिने एकदा सुताराकडे, एकदा आल्विराकडे बघितलं आणि बादली उचलून टाक्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी टाक्यापाशी मासे साफ करत होत्या. मग मर्ल म्हणाली, "एकच सांग. मी ती लाकडं उलटत होते, ते तू बघत होतीस?"

"बघत होते."

"रोज?"

"रोज."

मर्लने मासा धुऊन परातीत टाकला. "सुतार वळवलास ते मीही केलं असतं, माझ्या हाताला तुझ्यासारखी चव असती तर. पण मी कंबर धरून वाकत होते आणि तू नुसती बघत राहिलीस."

आल्विराचे डोळे भरले. माझ्या मागच्या पाख्याचे पत्रे काढून तुझ्या घरावर घालू, कथबर्टला आजच सांगते, असं ती काहीतरी पुटपुटली.

"तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी तुझे पत्रे घेणार नाही," मर्ल म्हणाली. "आधी मासे संपव, माश्या बसताहेत."

पत्रे आणि पट्ट्या बोटीतून उतरल्या तेव्हा आल्विराने धक्क्यावरच, चारचौघांत, कथबर्टला सांगितलं की पहिलं घर मर्लचं. तिने वासे वाहिले, शिडी धरली. जेवण रांधून मर्लच्याच अंगणात नेलं आणि तिथेच वाढलं. नाताळाच्या आत नवरा-बायको आपल्या घरी गेले, आणि पहिल्या मोठ्या सरीने त्यांचं टाकं भरलं. मर्लला मग बादली घेऊन यायचं कारण उरलं नाही.

बोलणं तुटलं असं नाही. मर्ल मीठ मागते, मेंढी व्याली की सांगते, तापात सूपही आणून देते. टोमणा मात्र मारत नाही. लिंबू दिलं तर "आभारी आहे" म्हणते, आणि आल्विराला ते थपडेसारखं लागतं.

रविवारी तिघं एकाच वाटेने चर्चमध्ये जातात. मर्ल पुढे निघून जाते, तिला गायनाच्या बाकावर बसायचं असतं. सेप्टिमस काठी टेकत चढ चढतो, मध्येच थांबून समुद्राकडे बघतो. आल्विरा त्याच्यामागून येते.

"तू हो की पुढे," तो म्हणतो, "माझ्या चालीने पोचेपर्यंत पाद्र्याचं प्रवचन संपेल."

"असू दे," ती म्हणते, आणि त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत उभी राहते.