दोन रेषा आणि एक उंबरा

मुलीच्या वहीतून हिरव्या चौकटींचा आलेख कागद परवा खाली पडला आणि भूकंपानंतरची ती दुपार आठवली. मी नववीत होते. लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये आमचा क्लास भरायचा. तिथले गणिताचे सर मला घेऊन माझ्या मैत्रिणीच्या गावी गेले होते. तिचे वडील भूकंपात ज्या उंबऱ्यात गेले, तिथं तिच्या आईला दिवा लावायचा होता. पण मलबा उचलून सगळं सपाट केलेलं, घर कुठं होतं तेच कळेना. उन्हात नुसता चुन्या-मातीचा वास. "काकू, उंबऱ्यात उभं राहिलं की काय दिसायचं?" सरांनी विचारलं. "पाण्याची टाकी चिंचंच्या मागं झाकायची, सर. अन् डाव्या अंगाला शाळंचा खांब विहिरीवरच्या लिंबाच्या मागं." सर थबकले. "बेटा, ही तर आपली दोन समीकरणं! दोन रेषा, एकच बिंदू." चारही खुणा अजून उभ्या होत्या. मी चिंच आणि टाकी एका रेषेत धरून मागं मागं चालू लागले, मैत्रीण लिंब आणि खांब धरून. नजर समोरच होती, त्यामुळं एकमेकींच्या अंगावर आदळलो तेव्हाच थांबलो. तिथं खोदलं. हातभर खाली लाकूड लागलं, त्याच्यावर ठोकलेला घोड्याचा नाल. "हाव, ह्योच! ह्योच माझा उंबरा," म्हणत काकूंनी कपाळ टेकलं. सरांनी चपला काढल्या, आम्हीही काढल्या. आता मीच लातुरात गणिताचे क्लास घेते. छेदनबिंदू मांडताना आवाज आपोआप खाली येतो, आणि मुलांना वाटतं, मॅडम दमल्या.