कूलरची मोटर

विद्यापीठात रसायनशास्त्राचा विभाग नवा नवा सुरू झाला तेव्हा विभागप्रमुखही मीच आणि हरकाम्याही मीच. दोन खोल्या, एक कपाट आणि चार दिवसांआड पाणी येणारा नळ. तापवायचं काम कुठंही होतं, गार करायचं अवघड. ऊर्ध्वपातनाच्या नळीवरून तासन्‌तास थंड पाणी फिरवावं लागतं. ते थांबलं की वाफ उडून जाते आणि महिन्याची मेहनत वाया.

मंगळवेढ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचं काम त्या मे महिन्यात असंच दोनदा फुकट गेलं. ती रडली नाही, नुसती भांडी धूत बसली. मला ते बघवेना. घरी आलो, कूलर उघडला आणि त्याची पाणी चढवणारी मोटर काढून पिशवीत टाकली. बादलीत बर्फ, बर्फाच्या पाण्यात मोटर, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा नळीवरून. पोरीचं काम तडीस गेलं.

घरचा कूलर मात्र गरम वारा फेकू लागला. बायको वळसंगची, उन्हाला न भिणारी, पण सोलापूरचा मे कुणाला सोडतो? "न्या की," ती म्हणाली, "पन फुडच्या उन्हाळ्यात मला गार झोप पायजे." मी शब्द दिला. दुसरी मोटर आणली. विद्यार्थी वाढले, तीही विभागात गेली. तिसरीही. खरेदीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि मी दरवर्षी पुढच्या उन्हाळ्याचा वायदा करत राहिलो. बायको ओली चादर अंगावर घेऊन झोपायची आणि शेजारणींना सांगायची, "कूलर घरात हाय, मोटर विद्यापीठात नोकरीला हाय."

निवृत्तीच्या समारंभात माझ्या शोधनिबंधांचं कौतुक झालं. मोटरींबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा एप्रिलमध्ये नवा कूलर आणला, वाळ्याचे पडदे लावले, पाणी भरलं आणि तिला समोर बसवलं. दोन मिनिटं बसली असेल. मग पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणाली, "अहो, बंद करा की. आता गार वारं सोसत न्हाय, सांधे धरत्यात."

मी बटण बंद केलं.

"वास लई छान हाय पन," ती म्हणाली, बहुतेक माझ्यासाठीच.

मी तेल कोमट करून आणलं आणि तिचे गुडघे चोळत बसलो.