मालनबाईचा बिनहाराचा फोटो

मालनबाईच्या स्टुडिओत एकटीचा मोठा फोटो काढला की ती बाई वर्षाच्या आत मरते, असं आमच्या सिडकोत लोक एकेकाळी शपथेवर सांगायचे. खोटं कशाला बोलू, ही बातमी फिरवण्यात माझ्या पिठाच्या गिरणीचा वाटा मोठा. दळण होईपर्यंत बायकांना काहीतरी लागतंच.

मेलं मात्र कोणीच नव्हतं. झालं एवढंच की कुसाबाईने आपला फोटो घरात भिंतीवर लावला आणि नांदगावहून तिचे चुलत सासरे, तात्या, आले. आमच्याकडे बाईचा एकटीचा फोटो भिंतीवर चढतो तो ती गेल्यावर. तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा उचलून मोठा केलेला. तात्यांनी फोटो पाहिला, टोपी काढली, सतरंजीवर बसले आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

"कधी गेली हो पोर?"

तेवढ्यात ती पोर चहा घेऊन बाहेर आली. तो चहा धोतरावर कोणाच्या हातून सांडला, यावर अजून दोन मतं आहेत.

मालनबाईचा स्टुडिओ माझ्या शेजारच्याच गाळ्यात. बाई बारीक, पायांना कायम सूज, आणि दर दोन वाक्यांनंतर "दमले गं आक्का." नवरा धनराज अंबडला एका कारखान्यात फिटर. चौदा वर्षांत त्याने तिच्यावर हात उचलला नाही, आणि याचं सगळ्या गल्लीला कोण कौतुक! तो फक्त बोलायचा. ताटात भाजी पडताना, चार माणसांत, झोपायच्या आधी. "हे थोबाड घेऊन बाहेर निघालीस?" घरात कॅमेरा होता. बारशाला, सहलीला सगळे ओळीत उभे राहिले की तो कॅमेरा तिच्या हातात द्यायचा. "तू काढ. तू आत आलीस की फोटो वाया जातो."

चौदा वर्षं ती काढत राहिली. हात पक्का झाला तो असा. घरात तिचा स्वतःचा फोटो एकही नाही. चौऱ्याण्णव साली घर सोडून निघाली तेव्हा एक साड्यांची पिशवी आणि तो कॅमेरा, बस. "ने, तुझ्याने दुसरं काय होणार," हेही तोच म्हणाला. त्याच कॅमेऱ्यावर तिने हा स्टुडिओ थाटला.

रेशनकार्डाला, बचत गटाच्या अर्जाला फोटो लागायचे, म्हणून बायका यायच्या. काही जणी स्टुलावर बसल्या की मान खाली. ती मान मालनबाईला लांबून ओळखू यायची.

"ताई, खाली काही पडलंय का?"

"नाही."

"मग वर बघा."

तरीही न बघणारीसाठी तिची एक रीत होती. कॅमेऱ्यात रोलच घालायचा नाही, आणि तसं सांगून टाकायचं. "रोल नाहीये, काही वाया जात नाही." मग पंधरा-वीस वेळा नुसतं खटक, खटक. चेहरा हळूहळू सैल व्हायचा, आणि तेव्हाच रोल चढायचा. कुसाबाईला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी पदर तोंडावर, दुसरीला नुसतं रडणं, आणि तिसरीला अशी ताठ बसली की जणू गिरणीत पहिला नंबर तिचाच.

"एका चेहऱ्याला तीन दुपारी, आक्का," मालनबाई पाय चोळत म्हणायची. "यापेक्षा जात्यावर मणभर दळलं असतं."

अशा किती माना तिने वर आणल्या! स्वतः मात्र कधी स्टुलावर बसली नाही. ओळखपत्राचा फोटोसुद्धा वर्षानुवर्षं टाळला. धनराज सुटला होता, त्याचं बोलणं सुटलं नव्हतं.

दोन हजार तीनच्या सुमाराला कुसाबाई स्टुडिओत हाताखाली काम करायला लागली होती. एका दुपारी मी दळणाचं पीठ झटकत तिथे बसले होते, तर ही म्हणते, "मालनताई, आज तुम्ही बसा."

"नको गं. वाया जाईल."

"रोल नाहीये. लाइट तेवढा बघायचाय."

मालनबाई बसली. चपला काढल्या, सुजलेले पाय पुढे केले. खटक. "तुझा हात हलतोय." खटक. "कोपर अंगाशी धर, किती वेळा सांगू?" खटक. दहाव्या खटक्याला ती वैतागून सरळ कॅमेऱ्यात बघत होती. मला हसू आवरेना, कारण सकाळी कुसाबाईला रोल चढवताना मी पाहिलं होतं. मालनबाई माझ्याकडे बघून काय ते समजली. चिडली नाही. रोल संपेपर्यंत स्टुलावरून उठली नाही.

"किती काढलेस?"

"छत्तीस."

"आणि वाया?"

"धुतल्यावर बघू की."

त्यातला एक मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लागला. डोळ्यांखाली काळं, एक बट सुटलेली. मोठा करण्याआधी कुसाबाई निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते काळं घालवायला निघाली, तर मालनबाई म्हणाली, "राहू दे. माझंच आहे."

पुढच्या वर्षी, दुपारी दोनला, ती डबा उघडून बसलेली असताना धनराज आला. कुठल्याशा अर्जाला पासपोर्ट फोटो हवा होता. मुद्दाम इथेच, दुसरं काय! मी गिरणी बंद करून स्टुडिओच्या दारात आले. भिंतीकडे बघून हसला.

"अरे वा! जिवंतपणीच वर चढलीस? हार तेवढा राहिला."

मी मालनबाईकडे वळले. मला तिची मान बघायची होती.

मान होती तिथेच होती. मालनबाईने हातातली पोळी डब्यात ठेवली, दमल्यासारखी उठली आणि कॅमेरा घेतला.

"स्टुलावर बसा, हनुवटी वर घ्या. हाराचं नंतर बघू, फोटोतली बाई अजून जेवायची आहे."