उजवीकडचे सूर

"जरा मरू द्या की त्याला निवांत!"

चहाच्या टपरीवर कुणाच्या हातून स्टीलचा पेला फरशीवर पडला आणि त्यानं तो झटकन उचलला, की मास्तर असे कळवळायचे. पेल्यासाठी नाही, त्याच्या आवाजासाठी. खणखणाट चालू असला की त्यांच्या उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि तो पुरता विरेपर्यंत खाली यायचं नाही. टपरीवाला माझ्याकडं बघायचा. मी तरी काय सांगणार? असलं एखादं ध्यान तुमच्याही गल्लीत असेलच.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. वडवणीचा माणूस, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पंचवीस वर्षं कीबोर्ड वाजवणारा. मी बीडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. शाळेच्या हॉलची किल्ली माझ्या खिशात असायची, एवढ्याच भांडवलावर आमची ओळख. हॉलच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता. निजामाच्या काळात कुणा अधिकाऱ्यानं हैदराबादहून आणला होता म्हणे. मी त्याच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचो. मास्तर आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. आयुष्यात पहिला खरा सूर त्यांनी त्याच पियानोवर ऐकला होता, सहावीत, शिक्षकांची नजर चुकवून.

मग हॉलचं परीक्षा केंद्र करायचं ठरलं आणि पियानो भंगारात निघाला. मास्तर धावत आले. पण नेणार कसा? सहा माणसांना हलेना, आणि वडवणीच्या त्यांच्या दोन खोल्यांचं दार पियानोपेक्षा अरुंद. दोन दिवस ते नुसते त्याच्याभोवती फिरले.

"पियानो न्हाई तर न्हाई सर," तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आवाज तरी नेतो."

मला हसू आलं. म्हटलं, "अहो, तुमच्या कीबोर्डावर पियानोचं बटण आहेच की!"

"कावून हसता सर? त्यो पत्र्याचा पियानो हाय." आणि मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. स्वस्तातल्या कीबोर्डात खऱ्या पियानोच्या एका सुराचा चिमूटभर तुकडा भरलेला असतो. सूर लांबवायचा झाला की तोच तुकडा गोल गोल फिरवायचा, आणि शेजारच्या चार पट्ट्यांनाही तोच ताणून लावायचा. "एकाच पोराचा फोटो लहान-मोठा करून अख्खा वर्ग दाखवल्यासारखं!" खरा आवाज हवा तर प्रत्येक पट्टी वेगळी रेकॉर्ड करून घ्यायची. हळू, मध्यम, जोरात, अशी तीनदा घ्यायची. नुसता आवाज कमी-जास्त करून चालत नाही का, असं मी विचारलं.

"हळू बोलणारा माणूस म्हंजे वरडणाऱ्याचा आवाज कमी केल्याला नसतो सर. माणूसच येगळा असतो."

आणि सूर घ्यायचा तो त्याचा जीव जाईपर्यंत. कारण विरताना तो बदलत जातो, आणि खरेपणा सगळा तिथंच. तुकडा जितका मोठा तितका पियानो खरा. पण फाइलही तितकीच फुगते. लॅपटॉपमध्ये जागा करायला मास्तरांनी मेहुण्याच्या लग्नाचं शूटिंग उडवलं. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत.

आता बीडमध्ये अर्धं मिनिट शांतता आणायची कुठून? बसचे हॉर्न, रिक्षा, क्लासवाल्यांचे भोंगे! शेवटी मे महिन्यातले रविवार धरले, दुपारी दोन ते चार. उन्हानं रस्ता ओस पडायचा. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. दोन प्रौढ माणसं घामानं निथळत, श्वास रोखून बसलेली. एकदा एक अप्रतिम सूर अगदी शेवटाला आलेला, आणि बाहेर, "रद्दी, पेपर, लोखंड भंगाऽऽर!" मी खिडकी उघडून त्याला नको नको ते बोललो. मास्तर शांत. "जाऊ द्या सर, पुन्ना घेऊ."

आमची रीत ठरलेली होती. मास्तर पट्टी दाबून धरायचे, दुसऱ्या हाताचं बोट वर. सूर संपला असं वाटलं की मी मान हलवायची, मग ते रेकॉर्डिंग बंद करणार. "एकाच्या कानाचा भरवसा न्हाई सर, दोघांचं जमलं पायजे." डावीकडच्या जाड सुरांना मी कायम घाई करायचो. मी मान हलवली की ते डोळ्यांनीच दटावायचे, थांबा. आणि खरंच, कान टवकारला की सूर अजून तिथंच असायचा. चोपन्नाव्या वर्षी मला ऐकायला शिकवलं या माणसानं.

तिसऱ्या रविवारी आम्ही उजवीकडच्या बारीक सुरांवर आलो. मास्तरांनी पट्टी दाबली, बोट वर केलं. सूर छान घुमत होता. आणि त्यांचं बोट खाली यायला लागलं. माझ्या कानात तर तो अजून स्वच्छ वाजत होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

पंचवीस वर्षं स्पीकरच्या भिंतींना खेटून उभा राहिलेला माणूस. बारीक सुरांपुरते कान गेले होते त्यांचे. आणि हे त्यांना मी सांगायचं? ज्याचा सगळा जीवच कानात, त्याला? मी मान हलवली. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. पुढच्या पट्टीला पुन्हा तेच. अख्खी उजवी बाजू आम्ही अशीच उरकली. त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं, की मी एका भल्या माणसाचं मन राखलं.

जूनमध्ये पियानो भंगाराच्या टेम्पोतून गेला.

दिवाळीनंतर मास्तर कीबोर्ड घेऊन माझ्या घरी आले. सगळे सूर त्यात बसवले होते. डाव्या हातानं सुरू केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आमचा हॉलच बोलत होता! मग उजवा हात आला. एकेक सूर निघायचा आणि टक्कन तुटायचा, बोलता बोलता कुणी तोंड दाबल्यासारखा. मास्तर रंगून वाजवत होते.

"उजवीकडं कसं वाटतंय सर?"

"झकास," मी म्हणालो.

"मला तिकडचं ऐकूच येत न्हाई," ते हसून म्हणाले. "डॉक्टर म्हणले, गेलेलं परत येत नसतंय. मे महिन्यातच कळलं व्हतं मला. बोट आपलं अंदाजानं खाली यायचं. पण तुमी व्हते ना! तुमची मान हलल्याबिगर मी एकबी सूर बंद केला न्हाई."

खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. पियानो वितळून कुठं काय झाला असेल देव जाणे. आता सांगून एक सूर तरी परत येणार होता का? अशी मी माझी समजूत काढतो. खरं म्हणजे मी भ्यालो. त्यानंतर मास्तरांनी ऑर्केस्ट्रा सोडला, बीडला येणंही सोडलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, मोबाइलवर नुसती हात जोडल्याची चित्रं येतात. उजवीकडचे सूर तुटतात हे त्यांना कुणी सांगितलं का, ते विचारायची माझी छाती नाही.

पण त्या दिवशी जायच्या आधी त्यांनी उजवीकडची एक पट्टी दाबून धरली.

"ह्यो लई गोड सूर हाय, मला ठाऊक हाय. किती येळ राहतोय बघू द्या. संपला की मान हलवा."

सूर निघाला आणि टक्कन तुटला. घरात आता काहीच वाजत नव्हतं. मास्तर पट्टी तशीच दाबून, टक लावून माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं, आणि मी मान ताठ धरून तसाच बसून राहिलो.