स्वतःच वाचलेली स्लाईड

शुक्रवारी सकाळी मेधाचा फोन आला. "दादा, ताप आहे, पण मलेरिया नाही. मी स्वतः बघितलंय." मी निर्धास्त झालो. माझी ही धाकटी बहीण वीस वर्षं मलेरियाच्या प्रयोगशाळेत काम करत होती; तिच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. पुढच्या बुधवारी ती गेली. मलेरिया मेंदूपर्यंत पोहोचला होता. त्याला आता सहा आठवडे झाले.

मलेरिया अनेकांना होतो, मग काहींच्याच जिवावर का बेततो, हा तिचा विषय. भाऊबीजेला कोपरीहून डोंबिवलीला आमच्याकडे आली की जेवता जेवता सांगायची. मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा हिमोग्लोबिनमधला 'हीम' हा लोहयुक्त भाग सुटा होतो आणि रक्तवाहिन्यांना इजा करतो. शरीरातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्यातून किंचित कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, आणि तो हिमोग्लोबिनला चिकटून आणखी हीम सुटू देत नाही. नायट्रिक ऑक्साईड हा दुसरा वायू त्या एन्झाइमला कामाला लावतो. हे वायू म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप, असं ती म्हणायची.

"म्हणजे घोडबंदर रोडवाल्यांना काळजीच नको. गाड्यांचा एवढा धूर!" माझ्यातला बातमीदार म्हणाला होता.

"दादा, आधी तुझा हेडलाइनचा रोग बरा कर. बाहेरचा धूर मारतो रे. हा शरीर स्वतः बनवतं, चिमूटभर. आणि हे उंदरांत दिसलंय, माणसांत अजून पक्कं व्हायचंय. छापशील काहीतरी!"

सोमवारी ती असंबद्ध बोलू लागली. ठाण्याच्या हॉस्पिटलात पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा निदान झालं. मंगळवारी दुपारी थोडा वेळ शुद्धीवर होती. म्हणाली, "माझं शरीर बनवतंय का रे ते... पुरेसं?" मी हो म्हणालो. पस्तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाने खातरजमा न करता केलेलं ते विधान होतं.

तिचं सामान आणायला मी गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत गेलो. तिथला नियम असा, की रक्ताचा थेंब पसरलेली प्रत्येक स्लाईड दोघांनी वाचायची आणि स्वतःच्या रक्ताची कधीच वाचायची नाही. नव्या मुलांना तो मेधाच शिकवायची. त्या शुक्रवारी मात्र तिने स्वतःचं बोट टोचलं, तापलेल्या डोळ्यांनी स्लाईड पाहिली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. "मी शेजारच्याच टेबलावर होते हो," तिच्या सहकारी शैलाताई म्हणाल्या. "एक हाक मारायची..." तीच स्लाईड त्यांनी नंतर तासभर पाहिली. एक परजीवी सापडला. एकच.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. फिकट पेशीत एक निळसर कडं, कडेला लाल ठिपका. मग स्लाईड काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिथल्या स्लाईडवर पेशंटचा नंबर असतो. हिच्या कडेला, मेधाच्या बारीक अक्षरात, पेन्सिलने फक्त 'मी' लिहिलं होतं.