शिकारी बंगल्यावरचे पाहुणे

शिकारी बंगल्यावर कारकुनी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. कितीही झाडून काढा, पाहुण्यांच्या रिकाम्या काडतुसांसारखे कोपऱ्यात सापडतातच! तीस सालच्या आसपासची गोष्ट. मुरूडजवळच्या रानात आमचा बंगला. मुंबईहून साहेब, शेठ बोटीने यायचे, जनावर मारायचे, फोटो काढून परत जायचे.

एक साहेब आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरला तो ओरडतच, "वाघ आहे?" रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणणाऱ्या हाकाऱ्यांचा म्होरक्या धाकू म्हणाला, "हाय ना! कालच माझी गाय न्हेली." मी तर्जुमा केला. साहेब एकदम खूश! "व्हेरी गुड!"

"काय म्हनला?" धाकूने विचारलं.

"फार छान, म्हणाला."

"कोन छान? गाय?"

*

सांबरं गावाचं भात खायची, पण गावकऱ्यांना ती मारायची बंदी. धाकू गाऱ्हाणं घेऊन जंगलच्या अधिकाऱ्याकडे गेला. अधिकारी प्रेमाने समजावू लागला, "अरे, सांबर राखलं तर पाहुणे येतील. पाहुणे आले तर तुम्हालाच हाकाऱ्याचं काम!"

"म्हंजे सांबरानं माझं भात खायाचं, आन मीच त्याला बंदुकीपुढं न्ह्यायचं?"

"बरोब्बर! हुशार आहेस!"

*

एक शेठ कट्टर शाकाहारी. दुसऱ्याने मारलेल्या बिबट्यावर पाय ठेवून फोटो मात्र हवा! बंदूक टेकवून ऐटीत उभे राहिले. फोटोवाला काळ्या फडक्याखाली शिरला, तोच आमचा खानसामा इस्माईलचाचा धावला, "शेठजी, नळी हनुवटीला लागलीय! बिबट्या गेला, तुम्ही तरी राहा!"

*

पुढे वाघ दिसेनासे झाले. अधिकाऱ्याने बंगल्याच्या दिवाणखान्यातच धाकूला फैलावर घेतलं, "वाघ गेले कुठे?"

धाकूने भिंतीवरच्या मुंडक्यांवरून नजर फिरवली. "सगळे हितंच हायेत, साहेब."

*

धाकूचा भाऊ राघो हाकाऱ्यात ढोल बडवत सगळ्यांच्या पुढे असायचा. एका सकाळी पाहुण्याच्या गोळीने रानडुक्कर नुसतंच जखमी झालं, ते उलटून राघोवर आलं. मांडी फाडली. डोली करून त्याला मुरूडच्या दवाखान्यात नेलं. त्याने डोळे मिटू नयेत म्हणून धाकू वाटभर त्याच्याशी बोलत होता, शिव्या घालत होता, रडत होता. राघो वाचला, पण पाय कायमचा आखडला.

चार दिवसांनी तो पाहुणा फळं घेऊन दवाखान्यात भेटायला आला. खाटेशी खुर्ची ओढून बसला आणि मला म्हणाला, "याला विचारा, डुकराचे सुळे केवढे होते?"

मला तर्जुमा करवेना. राघोच म्हणाला, "काय इचारतो? सांगा की!"

सांगितलं.

राघोने मांडीवरची पट्टी सोडली. "मोजून घे म्हनावं."